तुलनेच्या पेशी

सेमेय शहरातून आलेल्या बोतागोझच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. सबंध हिवाळा ते माझ्या टेबलावर पडून होतं. ती माझी जुनी विद्यार्थिनी; इतरांसारखी तीही मला 'अगाय', म्हणजे सर, म्हणते. आता तिथल्या प्रयोगशाळेत प्रबंधाचं काम करते. रक्तातल्या मारक पेशीला कर्करोगाची पेशी भेटली की तिच्या आत इशारा जातो आणि ती समोरच्या पेशीला मारते. हा इशारा मध्येच अडवणारं एक रसायन बोतागोझ तपासत होती. तिनं लिहिलं होतं, "अगाय, रसायन दिलं की मारणं थांबतं. पण तुलनेसाठी ज्या पेशींना रसायनाशिवाय, ते ज्यात विरघळवतो ते नुसतं द्रावक दिलं, त्यांचंही मारणं निम्म्यावर येतं. आमचे प्रमुख म्हणतात, ती तुलना प्रबंधातून काढून टाक. काढू का? इथल्या मेल ते वाचतात, म्हणून पत्र."

मी ठरवलं, आधी स्वतः करून पाहावं. माझं चुकलं तर पोरीचं नुकसान व्हायचं.

पेशी ताज्या रक्तातून काढाव्या लागतात. आमचा रक्तदाता सेरिकबोल, संस्थेचा ड्रायव्हर, दर वेळी कुठल्या तरी लग्नात घोड्याचं मांस चापून यायचा. नळी यंत्रात फिरवली की वर दुधासारखी चरबी, आणि पेशींचा थर कुठे आहे तेच कळेना.

"उपाशी ये म्हटलं होतं ना?" मी वैतागलो.

"सासुरवाडीच्या लग्नातल्या ताटाला नाही म्हणू, अगाय? तुमचा प्रयोग होईल, माझा संसार मोडेल."

मी पुन्हा नळी ओतून दिली, तेव्हा माझी सहकारी कुरालाय भडकली.

"अगाय, पुरे! पुढच्या महिन्यात तिला प्रबंध मांडायचाय. रसायन चालतं का, असं तिनं विचारलंय?"

"नाही, पण..."

"तुलना काढू का, असं विचारलंय. ते सांगायला कुणाचं रक्त लागतं?"

"द्रावक जास्त पडलं असावं. पण खात्री..."

"खात्री तुम्हाला चहात साखर घातली की नाही याचीही नसते!"

सेरिकबोल बाही खाली करत फिदीफिदी हसला. मला राग आला, पण तिचं म्हणणं खरं होतं. मी खुर्ची ओढून लिहायला बसलो.

"तुलना काढू नकोस. द्रावक हजारात एका भागाहून कमी ठेव आणि पुन्हा कर. प्रबंध लांबला तर लांबू दे. प्रमुख चिडले तर सांग, मी सांगितलंय." खाली 'कदाचित माझं चुकत असेल' असं लिहिलं होतं, ते कुरालायनं खोडायला लावलं.

कोट चढवून मी पोस्टात गेलो आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं.