समुद्राकडची भिंत

माझ्या धाकट्या भावानं, आऊकुसोनं, दहा वर्षं ऑकलंडच्या कत्तलखान्यात राबून इकडे सामोआत आईसाठी पक्कं घर बांधलं. रस्त्याकडे तीन मोठ्या काचा, चर्चला जाणाऱ्यांचे डोळे दिपावेत म्हणून. त्याही न उघडणाऱ्या. समुद्राकडे सलग भिंत. वारा समुद्राकडून येतो हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल, पण गावाला घर दिसायला नको का! हौसेपुढे अक्कल गहाण.

तो दोन आठवड्यांसाठी आला, तशी आई नुसत्या खांबांच्या, बिनभिंतींच्या जुन्या घरातून चटई उचलून नव्या घरात गेली. तिला दमा. दुपारी पत्रा तापला की छाती भात्यासारखी चाले. पण आऊकुसोची चाहूल लागली की धाप दाबून हसायची.

"मस्त झोप लागते रे," ती त्याला म्हणायची. मला मात्र दम भरला, "त्याला सांगितलंस तर याद राख. शनिवारी जाईल बिचारा, मग मी जुन्या घरात येते."

"शनिवारपर्यंत टिकलीस तर ना!" मला दोघांचाही राग आला होता.

गुरुवारी ती उठता उठता मटकन बसली. ओठ काळेनिळे. सांगायची मला बंदी होती, पण आम्हा सामोअन लोकांत भाऊ बहिणीचा शब्द मोडत नाही. मी आऊकुसोला बोलावलं.

"आत जा. दार लावून आईशेजारी पड. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

"या उन्हात? ताई, डोकं फिरलंय का तुझं?"

"बहीण सांगतेय."

मुकाट्यानं गेला. अर्ध्या तासानं मी हाक मारली, तेव्हा घामानं निथळत बाहेर आला.

"मी कूस बदलली की ती श्वास रोखते गं, ताई. मला ऐकू जाऊ नये म्हणून."

त्यानं आईला उचलून जुन्या घरात ठेवलं आणि घण घेऊन समुद्राकडच्या भिंतीला भिडला.

"अरे, दहा वर्षं घातलीस त्यात!" आई ओरडली. "लोक काय म्हणतील?"

तो थांबला नाही. उन्हं कलेपर्यंत होडी जाईल एवढं भगदाड पडलं आणि वारा घरभर फिरला. आईनं हट्टानं नव्या घरात, भगदाडासमोरच चटई टाकली आणि ती लगेच गाढ झोपली. तिचा संथ श्वास ऐकत आऊकुसो उशाशी बसला आणि ढसाढसा रडला. मी त्याला रडू दिलं.