झुलीखालची घोडी

मी बिजली बोलतेय. देवळाली कॅम्पातल्या हिरामणची वरातीची घोडी.

१९९२ साली येवल्याच्या बाजारातून मला आणलं, तेव्हा मी दोन वर्षांची होते. हिरामण कुणाला तरी माझ्या शेजारी ढोल वाजवायला लावायचा आणि वेताच्या छडीने माझ्या गुडघ्यांवर मारायचा. पाय उचलला की गूळ मिळे. चार महिन्यांत छडीची गरज उरली नाही. ढोल ऐकला की पाय आपोआप उचलले जात. वऱ्हाडी म्हणत, "हिच्या रक्तातच नाच आहे." शंभरदा ऐकल्यावर मीही ते खरं मानलं.

२००१च्या श्रावणात मला शिंगरू झालं. हिरामणच्या बायकोने, नवसाबाईने, तिचं नाव रानी ठेवलं. आईला काय वाटायला हवं ते मला ठाऊक आहे. पहिले काही महिने तसं वाटलंही. मग ती धुळीत लोळू लागली, बसचा हॉर्न ऐकून उधळू लागली, कारण नसताना खिंकाळू लागली. मी कधी अशी होते का, ते मला आठवेना. तिच्याकडे बघून मी जळायचे.

ती तीन वर्षांची झाली तेव्हा हिरामणने माझी आरशांची झूल तिच्या पाठीवर टाकून पाहिली.

"माय नाचती तशी पोर नाचंल. रक्तातच हाय."

नवसाबाई भांडी घासत होती. "आन तुमी काय छडी हातात घेऊन जल्मले होते का? राहू द्या तिला. माझा भाऊ सहादू सिन्नरला न्यायला तयार हाय. मळ्यात फिरंल मोकळी."

"नाय शिकली तर दिली त्याला. पण आधी बघतो."

म्हणजे शिकली तर माझी झूल तिची, नाही शिकली तर मोकळा मळा तिचा. कसंही झालं तरी मिळणार तिलाच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला शेजारी शेजारी बांधलं. नवं जनावर जुन्याचं बघून शिकतं, ही त्याची रीत. ढोल वाजला. माझा उजवा पाय वर गेला. रानीने पाहिलं, आणि छडी लागण्याआधीच तिचाही पाय उचलला, माझ्याहून उंच.

"वा गं माझी रानी!" हिरामण ओरडला.

मी वळले आणि तिच्या मानेला कडकडून चावले.

ती दावं तोडून पळाली. त्यानंतर ढोल नुसता दिसला तरी ती थरथरायची. पंधरा दिवसांनी हिरामणने हात टेकले. "या थेरडीनं पोरीला नासवलं!"

सहादू तिला घेऊन गेला, त्या दिवशी नवसाबाई माझ्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "आईचं काळीज हाय. लेकराला वाचवलंस गं बाई."

आज, २००७ साली, मला वरातीला कुणी नेत नाही. रस्त्याने बँड गेला की खुंट्यापाशीच माझे पाय उचलले जातात. रानी सिन्नरला कशी धावत असेल, हे मनात आलं की अजून जळते.

वरातीत एखादी घोडी नाचताना दिसली तर खुशाल बघा. फक्त तिच्या रक्ताबद्दल काही बोलू नका. आणि माझ्या काळजाबद्दलही नको. मी रानीला वाचवलं नाही. मला ती सोसवली नाही. नाच मला हिरामणने शिकवला, चांगली आई मला नवसाबाईने ठरवलं. तो चावा मात्र कुणी शिकवला नव्हता. माझं स्वतःचं काय, म्हणून शोधायला गेले की हाती तेवढाच लागतो.