श्रीपाद सरांचे उतार

श्रीपाद सरांनी बारामतीतल्या एका शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि तेवढ्या काळात डिझेल इंजिन फळ्यावर निदान दोनशे वेळा काढलं. फळ्यावरचं इंजिन एकदाही बंद पडलं नाही. याच अनुभवाच्या जोरावर निवृत्तीनंतर त्यांनी जुनी डिझेल पिकअप घेतली.

निमित्त होतं लासुर्ण्याच्या दीड एकर पेरूचं. माल मार्केट यार्डात न्यायला दर खेपेला दुसऱ्याचा टेम्पो कशाला, असा सरांचा स्वाभिमानी सवाल होता. गाडी सुप्याच्या विजयसिंहाची. त्यानं ती दाखवायला माळावरच्या एका टेकाडावर उभी केली होती, तोंड खाली करून. वर निळं आभाळ, खाली मोकळा माळ. सरांना गाडीपेक्षा ते चित्रच जास्त आवडलं. विजयसिंहानं ब्रेक सोडला, गाडी दहा पावलं घरंगळली आणि धुराचा एक लोट सोडून चालू झाली.

"बघा सर, सेल्फ मारायचीसुद्धा गरज न्हाय," तो म्हणाला.

तो माणूस किती खरं बोलत होता, हे सरांना घरापुढच्या सपाट जागेत गाडी उभी केल्यावर कळलं.

गॅरेजवाला सोपान सरांचाच विद्यार्थी. त्यानं गाडीखाली डोकं घातलं, काढलं आणि सांगितलं, "सेल्फ गेलाय सर. बदलून टाकू."

"सोपान, सेल्फ म्हणजे काय? इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर. तो फेरा गुरुत्वाकर्षण फुकट देतं."

"व्हय सर. पर उतार लागतो."

"उतार शोधायचा असतो."

सोपाननं मान डोलावली. आठवीच्या वर्गातही तो अशीच मान डोलवायचा, आणि तेव्हाही त्याला काही पटलेलं नसायचं.

मग सर उतार शोधू लागले. बारामतीत साठ वर्षं काढलेल्या माणसाला हे गाव किती सपाट आहे याची कल्पना नव्हती. बँकेत काम असलं तर गाडी पाऊण किलोमीटर लांब, कालव्याच्या पुलाच्या उतरणीवर. दवाखान्यात जायचं तर शेजारच्या गल्लीत, जिथं गटाराचं काम अर्धवट राहिल्यानं रस्ता एका अंगाला खचला होता. ते काम पूर्ण होऊ नये असं वाटणारा गावात एकच नागरिक होता. सरांनी वहीत उतारांचा नकाशा काढला आणि प्रत्येक उताराला गुण दिले. शेवटी घरापुढं मुरूम टाकून स्वतःचाच एक उतार केला. पहिल्या पावसात त्यावरचं पाणी थेट शेजाऱ्यांच्या जिन्याखाली गेलं. सरांनी त्यांना जाऊन पाण्याचा नियम समजावून सांगितला. शेजाऱ्यांनी बोलणं सोडलं.

तरीही उतार चुकायचाच. मग माणसं लागायची. यार्डातले हमाल, डेअरीवर आलेले गवळी, आणि एकदा तर समोरच्या घरी दुःखाला भेटायला आलेले चौघे जण पायांतल्या चपला सांभाळत पिकअप ढकलून गेले होते. सरांची पत्नी विमलताई या प्रत्येक वेळी केबिनमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या असत, पदर डोक्यापर्यंत ओढून. गाडीनं वेग घेतला की त्या समोर बघत एवढंच म्हणत, "आता सोडा क्लच." सर क्लच सोडत. गाडी चालू होई. ते आपल्याला आधीच कळलं होतं, असं सरांचं मत होतं.

विमलताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. नोकरीत असताना त्यांनी गाडी शिकून लायसन्सही काढलं होतं. ते घरात पत्त्याचा पुरावा म्हणून फार उपयोगी पडे.

तर, विमलताईंच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. तिचं नाव पूर्वी. कार्यालय इंदापूरला. रुखवताचं सामान न्यायला टेम्पो सांगावा असं भावाचं म्हणणं पडलं, आणि सर चारचौघांत बोलून गेले, "घरची गाडी असताना?"

त्या संध्याकाळी विमलताईंनी भाजी निवडता निवडता विषय काढला.

"न्या. रुखवत माझ्या हातचं आहे, तीन महिने डोळे फोडलेत. पण एक ऐका. माझ्या माहेरच्या कार्यात एका जरी पाहुण्याला ती गाडी ढकलावी लागली, तर दुसऱ्या दिवशी विकायची."

"आणि नाही लागली तर?"

"तर मी गाडीबद्दल पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

हे आमिष मोठं होतं. शिवाय गाडी विकायची म्हणजे पुन्हा चालत, आणि यार्डात "या सर, लावा इकडं गाडी" म्हणणारे हमाल उद्या सरांना ओळख तरी देणार होते का? सरांनी शब्द दिला आणि रात्रभर इंदापूरच्या कार्यालयापुढचं अंगण डोळ्यांपुढं आणलं. ते ताटासारखं सपाट होतं.

उपाय अगदी सोपा होता, म्हणजे सरांना तसा वाटला. गाडी बंदच करायची नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मुरमाच्या उतारावरून गाडी सुरेख चालू झाली. मागे साखरेचं घर, क्रोशाचं तुळशीवृंदावन, हातभर लाडवांची उतरंड. पन्नास किलोमीटरमध्ये सरांनी इंजिन एकदाही बंद पडू दिलं नाही. कार्यालयाच्या फाटकाच्या आत, तोंड रस्त्याकडे करून, त्यांनी गाडी लावली, चाकाला दगड लावला आणि ती तशीच घरघरत ठेवली.

मंगलाष्टकं घरघरीच्या तालावर झाली. वराकडचे एक गृहस्थ जेवताना कौतुकानं म्हणाले, "कार्यालयाचा जनरेटर जरा म्हातारा आहे, पण नेटानं चालतोय." सरांनी लक्ष नाही असं दाखवून मठ्ठा मागितला. मधून मधून ते हात धुवायला म्हणून बाहेर येत आणि कान देऊन जात. त्या दिवशी त्यांनी अकरा वेळा हात धुतले.

चार वाजता मुलीला निरोप द्यायची वेळ झाली. सर बाराव्यांदा बाहेर आले आणि त्यांना बाहेर फार शांत वाटलं. चिमण्यांचा आवाज येत होता.

फाटकाशी कार्यालयाचे मालक आप्पासाहेब उभे होते, पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा. उसाचे मोठे बागायतदार. त्यांनी अदबीनं हात पुढं केला. हातात चावी होती.

"सर, ही घ्या. कवाधरनं गाडी चालू हाय, कुणाचंच ध्यान न्हाय. म्हटलं, माणूस लग्नाच्या गडबडीत इसरला आसंल. डिझेल जळतंय फुकाचं. बंद केली म्या."

"आभारी आहे," सर म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांच्या तोंडून इतका बारीक आवाज कधी निघाला नव्हता.

पिकअपच्या बरोबर मागे नवरा-नवरीची फुलांनी मढवलेली गाडी उभी होती. पुढं फाटक. बाजूनं जायला जागा नव्हती. आत रडारड सुरू झाली होती, म्हणजे पाच-दहा मिनिटांत सगळे बाहेर.

सरांनी भोवती पाहिलं. चांगली चाळीस धडधाकट माणसं पान खात उभी होती आणि चाळीसही पाहुणे होते. मग त्यांची नजर मांडवाच्या कडेला बसलेल्या बँडवाल्यांवर गेली. लाल कोट घातलेली आठ माणसं. सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे बिदागी घेऊन आलेले. यांना कुणी आमंत्रण दिलेलं नाही.

"तुमच्यापैकी चौघं ढकला," सर कुजबुजले, "आणि चौघं वाजवा. जोरात."

"काय वाजवू?"

"काहीही. सेल्फचा आवाज आला नाही हे कुणाला कळता कामा नये."

एवढ्यात विमलताई पाटाखालच्या रांगोळीचा डबा घेऊन गाडीपाशी आल्या. त्यांनी एकदा चावीकडे पाहिलं, एकदा लाल कोटांकडे.

"बंद पडली?"

"पाडली. आप्पासाहेबांनी. पण पाहुणा एकही नाही. हे बँडवाले. शर्त मोडत नाही."

"चौघांनी हलेल?"

बँडवाल्यांनी चाकाचा दगड काढून जोर लावला. ट्रंपेटवाल्याचा चेहरा कोटाच्या रंगाचा झाला. गाडी वीतभर हलली आणि परत आपल्या जागी आली.

"आणखी एक माणूस पायजे," ढोलवाला धापा टाकत म्हणाला.

आप्पासाहेब पुढं सरसावले. "मी आलो आसतो, पर गुडघ्याचं आपरेशन झालंय औंदा."

सरांनी विमलताईंकडे पाहिलं. विमलताईंनी त्यांच्या हातातली चावी घेतली, तिथं डबा दिला, पैठणीच्या निऱ्या सावरल्या आणि चालकाच्या जागेवर चढून बसल्या.

"अगं, तू?"

"ढकलायला माणूस कमी पडतोय ना? लावा हात. आणि तो डबा आधी खाली ठेवा."

सरांनी फेटा घट्ट केला आणि मागच्या फाळक्याला दोन्ही हात लावले. क्लॅरिनेट सुरू झालं. निरोपाचे ते करुण सूर ऐकून आतली मंडळी वेळ झाली असं समजून डोळे पुसत बाहेर आली. त्यांना दिसलं ते असं: नवरीचे काका चार लाल कोटांच्या मध्ये वाकून, तोंडाला फेस येईपर्यंत पिकअप ढकलतायत, आणि नवरीची आत्या सुकाणू धरून समोर बघतेय.

गाडीनं वेग घेतला. क्लच नेमक्या क्षणी सुटला. या वेळी कुणी कुणाला सांगितलं नाही. काळा धूर सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर मावला तेवढा मावला, उरलेला फेट्यावर बसला. पिकअप फाटकातून बाहेर पडली, डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

"आत्या थांबत का नाहीत?" डोळे पुसत नवरदेवानं विचारलं. रडत होती ती नवरी, पण त्या क्षणी धुरामुळे सगळ्यांचेच डोळे वाहत होते.

"थांबली तर पुन्हा ढकलावी लागेल," सर अभिमानानं म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

सरांना परत आणलं बँडच्या टेम्पोनं. मांडीवर मोठा ढोल होता. लासुर्ण्याजवळ कालव्याच्या पुलाच्या उतरणीवर पिकअप उभी दिसली, तोंड बारामतीकडे. सरांच्या वहीत या उताराला दहापैकी नऊ गुण होते. विमलताई दार उघडं टाकून उसाचा रस पीत होत्या. सर शेजारच्या सीटवर चढले.

"शर्त पाळली," ते म्हणाले. "एकाही पाहुण्याचा हात लागला नाही."

"तुमचा लागला."

"मी पाहुणा?"

"माहेरच्या कार्यात जावयाइतका मोठा पाहुणा कोण असतो हो? दादानं सकाळी तुम्हाला पहिला टोपी-टॉवेल दिला. पहिला नारळ तुम्हाला. जेवताना पहिला आग्रह तुम्हाला. तेव्हा नाही म्हणालात का, की मी पाहुणा नाही?"

सरांनी सगळे टोपी-टॉवेल आठवून पाहिले. गेल्या पस्तीस वर्षांत त्यांनी एकालाही नाही म्हटलं नव्हतं.

"म्हणजे विकायची," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"शब्द दिलाय तुम्ही."

"घेणार कोण पण हिला?"

"मी," विमलताई म्हणाल्या आणि रिकामा पेला त्यांच्या हातात दिला. "सोमवारी नावावर करून द्या. चालवायला बरी आहे. इतके दिवस मला बसायलाच दिलीत, म्हणून वाईट वाटत होती."

त्यांनी ब्रेक सोडला.

सोमवारी कागद झाले. मंगळवारी सोपाननं नवा सेल्फ बसवला आणि सरांकडे न बघता हात पुसले. बुधवारी घरापुढचा मुरूम उचलला गेला, गुरुवारी शेजारी बोलू लागले.

आता पेरू वेळेवर यार्डात जातात. विमलताई सकाळी बसतात, चावी फिरवतात, गाडी चालू होते. सर मात्र अजून त्यांच्या आधी बाहेर येतात आणि मागे जाऊन फाळक्याला दोन्ही हात लावून उभे राहतात.

"बसा की पुढं," विमलताई आरशात बघत ओरडतात.

"बसतो," सर म्हणतात. "आधी चालू तर होऊ दे."