कोपीची पाठ

सुतळीची गाठ अंगठ्याखाली टणक लागली तेव्हा नीलम्मांना मनापासून बरं वाटलं. बाहत्तराव्या वर्षी, संधिवातानं वाकड्या झालेल्या बोटांनी मारलेली गाठ... ओढून बघावं तर कडब्याच्या पाचही पेंढ्या एकदम हलतात, गाठ सुटायचं नाव घेत नाही. लातूरच्या या वृद्धनिवासात, दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, गुळगुळीत फरशीवर येळवशीची कोपी उभी करणारी त्यांच्याशिवाय दुसरी होती कोण! बाकीच्यांच्या दारांना प्लास्टिकची तोरणं. धुवायची आणि पुन्हा टांगायची.

कोपी म्हणजे कडब्याची कमरेएवढी खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड – पांडव. कडबा चाकूरच्या रानातला, पुतण्या बजरंगनं धाडलेला. गुडघ्यांनी रान सोडायला लावलं, तर मी रानच वर आणलं, असं त्या गेली तीन वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. उद्या येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, रानात पांडव पुजून सगळ्यांनी जेवायचा दिवस. आंबील, भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि कोपीपुढच्या सतरंजीवर जो बसेल तो जेवेल.

आणि आज सकाळी ऑफिसातली स्वप्नाली अर्ज घेऊन आली. समोरच्या खोलीतल्या व्यंकटरावांचा. मूळचे अर्धापूरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. अर्जातसुद्धा मुद्द्यांना आकडे घालणारा माणूस. सामायिक जागा अडते, कडबा पेट घेऊ शकतो, मुंग्या होतात.

"आजी, संध्याकाळपर्यंत खोलीत घ्या ना. आत कोण नको म्हणतंय?"

"खोलीत मांडायला तो काय देव्हारा हाय?"

खोलीत कोपी! दाराआडच्या कोपीला कोण येणार... नवरा, सिद्धराम, असते तर पोट धरून हसले असते. कोपी बांधायची ती त्यांनीच, नीलम्मांनी फक्त डोक्यावरून आंबिलाचं मडकं आणायचं. ते गेल्यावर पहिल्या वर्षी या फरशीवर कोपी तीनदा कोसळली, चौथ्यांदा उभी राहिली. ही गाठ मला कुणी शिकवली नाही, माझी मी शोधून काढली – आणि ती एका कागदासाठी सोडू?

दुपारी त्या तडक व्यंकटरावांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दार उघडंच होतं.

"अर्ज तुम्ही दिला?"

"हाव. मीच दिला."

"माझ्या कोपीनं तुमचं काय घोडं मारलं?"

व्यंकटरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला. "तीन वर्षं बघून राहिलो, अक्का. सगळा मजला जेवतो. मी असंच दार उघडं ठेवून बसतो. मला कुणी या म्हणलं न्हाई."

"येळवशीला आवतन नसतंय. ज्यानं त्यानं यायचं असतंय."

"तुमच्याकडं तसं असंल. आमच्याकडं बिनबोलावता कुणाच्या पंगतीला बसत न्हाईत." एवढं बोलून ते आत वळले. दार मात्र त्यांनी लावलं नाही.

माझी चूक? मुळीच नाही. रीत ती रीत! नीलम्मा ताठ मानेनं वळल्या, आणि कोपी समोर आली. पण ही कुठली कोपी? पांडव दिसत नव्हते, तोंड दिसत नव्हतं. नुसत्या वाळल्या पेंढ्या, फाटकी पानं, सुतळीची लोंबती टोकं. पलंगावरून पांडव दिसावेत म्हणून कोपीचं तोंड त्यांनी दरसाल आपल्या दाराकडे ठेवलं होतं. या दारातून तीन वर्षं एक माणूस तिची पाठ बघत बसला होता. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला.

आवतन नसायचं, खरंच नसायचं... पण मडकं डोक्यावरून उतरायच्या आत सिद्धराम बांधावर गेलेले असायचे, हात वर करून – ओ पाव्हणं, इकडं या! – ओळखीचा, बिनओळखीचा, रस्त्यानं जाणारा कुणीही. दिवस मावळेपर्यंत घसा बसायचा त्यांचा. त्या आवाजाच्या आडोशाला नीलम्मा वाढत राहायच्या, आणि माणसं आपसूक येतात असं समजायच्या. म्हणजे कोपी बांधणं जसं सिद्धरामांचं काम होतं, तसं हाक मारणंही त्यांचंच होतं. मी एक शिकले... दुसरं राहिलंच.

कोपीपाशी येऊन त्यांनी गाठीवर हात ठेवला. पक्की होती, तेवढ्यातही त्यांना अभिमान वाटला. परक्या पुरुषाला मोठ्यानं हाक त्यांनी उभ्या जन्मात मारली नव्हती. मनातल्या मनात म्हणून बघितली – ओ पाव्हणं... आवाज सिद्धरामांचा आला. तो नको होता. गाठ जशी आपली आपण काढली, तशीच ही हाकही काढावी लागणार होती. मागे व्यंकटरावांचं दार अजून उघडंच होतं. नीलम्मांनी पदर सारखा केला, घसा खाकरला, आणि आपल्या स्वतःच्या आवाजाची वाट बघत उभ्या राहिल्या.