काशीआत्याच्या हाताखाली

"आता तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा," विनीत म्हणाला आणि खुर्चीत जरा सैलावून बसला. त्याच्या मते मुलाखत संपली होती.

तुळसा मात्र याचीच वाट बघत होती. मुंबईला मॉलमध्ये नोकरीला असलेल्या तिच्या लेकीने, सानवीने, फोनवर चांगलं बजावलं होतं, "आई, नुसत्या माना डोलावू नकोस. शेवटी आपणही विचारायचं असतं." पंचेचाळीस वर्षांत तुळसा अशी समोर बसली होती ती एकदाच, लग्नासाठी बघायला आले होते तेव्हा. त्या वेळी तिने काही विचारलं असतं तर पाहुणे पोहे टाकून उठले असते.

नोकरी तिला हवीच होती. नवरा केरू कंबर मोडून मुंबईहून कायमचा घरी आला होता. शेतातला भात वर्षभर पुरत होता, पण औषधं काही शेतात पिकत नाहीत. अशात काशीआत्याचा निरोप आला. आत्या तुळसाच्या माहेरच्या भावकीतली. आरे-वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर पर्यटकांसाठी बांधलेल्या या घराचं स्वयंपाकघर ती विनीतच्या वडिलांच्या वेळेपासून सांभाळत होती. "माज्या हाताखाली एक बाई पायजे. तू ये, दुसरी कुनी नको," असा तिचा हुकूमच होता.

"सुट्टी कशी असते?" तुळसाने विचारलं.

"महिन्याला दोन. गणपतीत गर्दी असते, तेव्हा जरा सांभाळून घ्यायचं."

"आनि शिमग्याला? देवाची पालखी घरी येते. दार बंद ठेवून कसं चालंल?"

"त्या दिवशी नक्की सोडीन," विनीत हसून म्हणाला.

तुळसाला धीर आला. सानवीने शिकवलेला तिसरा प्रश्न तिने विचारून टाकला, "माज्या आदी या कामावर कोन होतं? ती का गेली?"

विनीतचं हसू विरलं. त्याने उठून दार लोटून घेतलं.

"अजून गेलेल्या नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला. "काशीकाकींच्याच जागेवर घेतोय तुम्हाला. त्यांना आता होत नाही हो. मीठ दोनदा पडतं. परवा शाकाहारी पाहुण्यांच्या पानात बांगडा वाढला. पाहुणे भांडून गेले."

तुळसा खुर्चीच्या कडेला सरकली. जिने आपल्याला बोलावून आणलं, तिलाच उठवायचं आणि तिथे आपण बसायचं?

"तिला ठावं हाय?"

"नाही. मला जमत नाही सांगायला. त्यांच्या हातचं खाऊन मोठा झालोय मी." विनीत टेबलाकडे बघत राहिला. "तुम्ही त्यांच्या माहेरच्या. वाटलं, तुम्ही आलात की हळूहळू तुम्हीच समजावाल."

आता मात्र तुळसाला राग आला. स्वयंपाक करायला बोलावलं होतं आणि हे वर आणखी!

"ते काम माजं नाय," ती म्हणाली. "तुमी सांगा. आनि आजच सांगा, मी हितं असताना. मंग मी येनार का नाय, ते बोलते."

 सानवीने असलं काही शिकवलं नव्हतं. नोकरी गेली बहुतेक, असं मनाशी म्हणत ती उठली.

स्वयंपाकघरात काशीआत्या कालवण ढवळत होती. "काय गो, झाला बोलून? घेतलान ना?"

"इचार करून सांगते म्हटलं."

"इचार कसला करतेस? येडी काय तू?" आत्या उखडलीच. "केरूचा बगायचाय ना तुला? मी हाय हितं. मी असताना तुला कुनी वाकडा बोलनार नाय."

तुळसाला तिच्याकडे बघवेना. ती कोपऱ्यातली विळी ओढून नारळ खवायला बसली. आत्या बोलतच होती, कुठल्या दिवशी ताजी मासळी येते, कुठल्या पाहुण्यांना तिखट चालत नाही. सगळं दोनदा सांगत होती.

थोड्या वेळाने विनीत दारात आला. त्याने तुळसाकडे पाहिलंच नाही.

"काकी, जरा ऑफिसात या."

काशीआत्याने पदराला हात पुसले, सुटलेले केस मागे सारले आणि तुळसाच्या कानाशी वाकली.

"तुज्या पगाराचं बोलायला बोलावतोय. बगतेच मी. कमी नाय द्यायचा त्याला."

ती लगबगीने गेली. ऑफिसचं दार बंद झालं.

कालवणाला जोराची उकळी आली होती. तुळसा उठली. खाली लागू नये म्हणून तिने गॅस बारीक केला आणि दाराकडे पाठ करून पळी फिरवत उभी राहिली.