नवस न फेडल्यास काय

"नवस बोललीस ना? मग आधी तो फेडून ये. चहा मागाहून."

कांदिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरातून आलेला आईचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. आमच्या गेममधल्या राजांना नवस बोलता येतो, तो त्यामुळेच.

ऑफिस अंधेरीला. गेमचं नाव 'शूर्पारक'. सातवाहनांच्या काळातलं बंदर सांभाळायचं, जहाजं लावायची, घाट राखायचा आणि जमलंच तर शेजाऱ्याला हरवायचं. त्यातल्या चालीरीती आणि संवाद मी लिहिते. केयूर ते संगणकाला समजावतो. पहिल्या नकाशात त्याने सैन्याच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा वाढला होता. मिरची या देशात यायला तेव्हा हजाराहून जास्त वर्षं होती.

"मग बिचारे खायचे काय हो, जयंतीताई?" तो अगदी कळवळून म्हणाला. शेवटी मिरी दिली.

नवसाचं असं होतं. लढाईआधी राजाने घाटमाथ्यावरच्या देवीला नवस बोलायचा. सैन्याला बळ लगेच मिळतं. फेडायला मात्र राजाने स्वतः, पायी, घाट चढून जायचं. आणि न फेडल्यास काय? तिथे मी लिहिलं होतं : काही नाही.

"काही नाही म्हणजे?" धवल म्हणाला. धवल आमचा मालक, वयाने माझ्या भाच्याएवढा. "फुकटात बळ मिळालं तर फेडणार कोण, ताई? दंड पाहिजे. रोगराई टाकू. जहाजं बुडवू."

हे तो जेवताना म्हणाला. जेवताना मी बोलत नाही, हा माझा रोजचा नेम आहे. ते ठाऊक असल्यामुळे धवल सगळे नावडते निर्णय माझ्या डब्यासमोरच घेतो. मी मान हलवली.

"बघ, ताई हो म्हणाल्या."

"हो कुठे? आडवी मान होती," केयूर म्हणाला.

"आडवी नव्हती रे, तिरकी होती."

मी हात धुऊन आले आणि म्हटलं, "धवल, देवी वसुलीला माणसं पाठवत नाही. रोगराईच्या भीतीने फेडला तर तो नवस कसला? तो हप्ता झाला."

"झकास आहे हे वाक्य! गेममध्ये टाका. पण रोगराई पण टाका."

माझा आवाज मुळातच चढत नाही. मी एवढंच विचारलं, "शनिवारी खेळून बघायला मुलं येणार आहेत ना? त्यांच्यातल्या एकाने जरी दंडाशिवाय नवस फेडला, तर रोगराई नको."

"आणि कोणीच नाही फेडला तर?"

"तर नवसच काढून टाक. धमक्या देणारी देवी मी लिहिणार नाही."

शनिवारी मुलं आली. मुलुंडच्या निशाने लाख दिव्यांचा नवस बोलून लढाई जिंकली आणि लगेच दुसऱ्या लाखाचा बोलली.

"अगं, पहिले?" केयूरने विचारलं.

"एकदम देईन ना सगळे! देवी काय पळून चाललीये?"

पार्ल्याचा मिहिर जास्त विचारी. "राजाऐवजी प्रधान गेला तर चालेल का? दिसतात तर सेम."

मग चंदर नावाच्या मुलाचा राजा खरोखरच निघाला. केयूरने मला कोपराने ढोसलं. अर्ध्या वाटेत त्या राजाला स्वस्तात घोडे विकणारे व्यापारी भेटले. घोडे घेऊन तो घरी परतला.

शेवटी उरला घाटकोपरचा अल्पेश. असल्या खेळांत त्याच्या नावाला लोक टरकतात. फायदा नसेल तिथे तो दाणाही टाकत नाही. बंदराच्या तोंडाशी शत्रूची जहाजं आली, तट ढासळला, तेव्हा कुठे त्याने नवसाची चौकट उघडली. दिवे नाहीत, सोनं नाही. एकच शब्द लिहिला : येतो.

आणि जिंकला. तुताऱ्या वाजल्या, गुण झळकले, खेळ संपला. धवलने त्याची पाठ थोपटली, मग माझ्याकडे वळला. "सॉरी हां, ताई."

"ठीक आहे," मी म्हटलं. केयूरने नवस काढायला फाइल उघडलीसुद्धा. त्या घाटात मी पाण्याचं टाकं लिहिलं होतं आणि टाक्याशी बसलेली एक म्हातारी. तिचं वाक्य आजवर एकाही खेळाडूने ऐकलं नव्हतं. आता कोणी ऐकणारही नव्हतं. मी पर्स आवरायला घेतली.

अल्पेश हेल्मेट घेऊन दारापर्यंत गेला आणि थांबला. "जिंकल्यावर पुढे चालू राहतं का हे?"

"राहतं," केयूर म्हणाला. "पण गुण नाही मिळत."

"नको मिळू देत."

"आता कशाला, यार? जिंकलास ना!" धवल म्हणाला.

"अरे, येतो म्हणून लिहिलंय ना मी."

तो पुन्हा खुर्चीत बसला आणि हेल्मेट त्याने मांडीवर ठेवलं. केयूरचा हात थांबला. पडद्यावर राजाने मुकुट प्रधानाकडे दिला आणि एकटाच वेशीबाहेर पडला. त्या क्षणासाठी आम्ही संगीत केलंच नव्हतं.