फक्त ॲडमिन

नळानं घसा खाकरला तेव्हा रत्नमाला सिस्टरच्या हातात भाकरीचा घास होता. पाण्याचा दिवस उद्याचा होता आणि वेळ पहाटेची. पण दिवस-वेळ पाळायची सवय गारखेड्यातल्या त्या नळाला कधीच नव्हती. दोनदा नुसती हवा सोडून त्यानं धार धरली.

सिस्टरनी नळाची नळी हौदात सोडली, हात पदराला पुसले आणि मोबाइल उचलला. गल्लीत शिरणारी लाइन आधी त्यांच्या घराला लागते, म्हणून पाणी सगळ्यांत आधी त्यांना कळतं. त्यामुळे गल्लीच्या ग्रुपवर ‘पाणी आलं’ लिहिण्याचा मान त्यांचा. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून ही एवढीच ड्युटी उरली होती. रोज सकाळी त्या ‘नमो बुद्धाय, शुभ सकाळ’ टाकत. त्याला उत्तर येत नसे. तसं तिथं कोणाच्याच शुभ सकाळला कोणी उत्तर देत नसे, कारण जो तो आपली टाकायच्या घाईत. पण ‘पाणी आलं’ म्हटलं की गल्लीभर जोडलेले हात उगवत. नोकरीत असताना इतके हात त्यांच्यापुढं फक्त इंजेक्शनच्या वेळी जोडले गेले होते.

आज लिहायला बोट टेकवलं, तर खाली पाटी आली: फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.

मग त्यांना आठवलं. काल गल्लीतले ज्येष्ठ काकासाहेब यांनी बिबट्याचा व्हिडिओ टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘गारखेड्यात बिबट्या, लेकरं सांभाळा’. विमा विकणाऱ्या इंद्रजीतनं लिहिलं की व्हिडिओ जुना आहे, मागच्या वर्षी हाच बिबट्या दुसऱ्या राज्यात फिरत होता. काकासाहेबांनी विचारलं, मग आता तो इकडं आला नसेल कशावरून? संध्याकाळपर्यंत बिबट्यावाले आणि बिनबिबट्यावाले असे दोन पक्ष पडले आणि प्रकरण एकमेकांच्या गाड्या कुठं लावता इथपर्यंत गेलं. शेवटी आज सगळ्यांच्या शुभ सकाळ टाकून झाल्यावर ॲडमिन सुदर्शननं गल्लीत शांतता नांदेपर्यंत ग्रुपला कुलूप घातलं आणि स्वतः मेव्हण्याच्या लग्नाला वैजापूरला गेला.

सिस्टरनी त्याला फोन लावला. पलीकडं बँड वाजत होता. “नंतर लावतो,” एवढंच ऐकू आलं. काकासाहेबांनी तर फोन उचललाच नाही. दुपारी कोणाचाच फोन उचलू नका, फसवणारे असतात, हा मेसेज खुद्द सिस्टरनीच पाठवला होता.

त्या हौदापाशी आल्या. धार आज जोरात होती. एरवी मेसेज गेला की घराघरांत मोटारी सुरू होत आणि सिस्टरच्या नळाची धार बारीक होई. आज गप्प बसलं तर हौद काठोकाठ भरला असता, आणि बोल लागला असता तो सुदर्शनला. हौदाकडं बघत त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मग चपला घातल्या.

समोरच्या भागूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या.

“भागूबाई, पाणी आलंय.”

“व्हय? ग्रुपवर तर काही नाय.”

“ग्रुप बंद आहे. म्हणून तर मी आलेय.”

भागूबाईंनी तरी मोबाइल काढून खात्री केली. “नायच आलेलं,” त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

काकासाहेब बनियनवर दारात आले. “उद्याचं पाणी आज कामून येईल? उगाच कुणीतरी उठवलं असंल. कुणी सांगितलं?”

“नळानं.”

“बघा बुवा.”

“बिबट्या चालतो तुम्हाला, अन् पाणी चालत नाय?”

“बिबट्याचा व्हिडिओ होता, सिस्टर.”

इंद्रजीत जेवायला घरी आला होता. त्यानं कानातला इअरफोन काढून ऐकून घेतलं आणि चक्क हात जोडले. मोबाइलमधल्यांपेक्षा ते ओबडधोबड होते, वर खरकटे. पण सिस्टरना बरं वाटलं. फाटक वाजवत त्या पुढं गेल्या. कुणी पाणी दिलं, कुणी बसा म्हटलं. पाठीमागं एकेक मोटार घुरघुरायला लागली, तसा त्यांचा चालण्याचा वेग वाढला. वॉर्डात राउंड घेताना त्या अशाच चालत.

परत आल्या तर नळ नुसता सूं सूं करत होता. हौदात घोट्याएवढं पाणी. त्या पायरीवर बसल्या आणि दुखरे गुडघे चोळू लागल्या.

भागूबाई येऊन डोकावल्या. “एवढंच? गप बसला असता तर वाहिला असता हौद. लई शाण्या हायेत तुम्ही.”

“मग तुम्ही कुठून भरलं असतं?”

भागूबाई घरात गेल्या आणि हिरवा पाइप ओढत बाहेर आल्या. रस्ता ओलांडून त्याचं टोक सिस्टरच्या हातात दिलं. “धरा नीट. आमच्या हौदाची मोटार लावते.”

उन्हं उतरताना बाजारातून काकासाहेबांची स्कूटर आली आणि पाइपापाशी थांबली. पलीकडून बाहेर निघालेला इंद्रजीत मोटारसायकलवर आला, तोही थांबला. पाण्यानं टम्म झालेला पाइप दोघांच्या मधे आडवा पडला होता.

“सिस्टरचा हौद भरायलाय,” भागूबाई दारातून म्हणाल्या. “चाक घालू नका.”

काकासाहेब उतरले. इंद्रजीतनं गाडी स्टँडवर लावली, अलीकडं आला आणि स्कूटर मागून उचलून धरली. स्कूटर अलगद पलीकडं गेली.

“आण, तुझी पण काढू,” काकासाहेब म्हणाले.

सिस्टर हौदाच्या काठावर पाइपाचं तोंड धरून बसल्या होत्या. पाणी चढत होतं.